वाचलंय सगळं, तरी विकत घ्यायचंय! मांगाचं गिऱ्हाईक समजून घेताना



डेड स्टॉकवरच्या व्हिडिओत मी माझ्या दुकानातलं एक कपाट दाखवलं होतं. वरच्या खणात काळ्या-पांढऱ्या चित्रांची जाड पुस्तकं होती, ती मांगा. मांगा म्हणजे जपानी चित्रकथा. आज त्या खणाबद्दलच बोलायचंय, कारण बीबीएच्या तीन वर्षांत 'कंझ्युमर बिहेविअर' या पेपरात मला जे कळलं नाही, ते अकरावीतल्या एका पोराने दोन वाक्यांत शिकवलं.

माझं दुकान डोंबिवलीत, स्टेशनरी आणि पुस्तकांचं. २०२२ मध्ये कॉलेजची मुलं येऊन सारखी विचारायची, "दादा, मांगा आहे का?" दहा जणांनी विचारलं म्हणजे डिमांड आहे, असा माझा हिशेब. सहा मालिका निवडल्या, प्रत्येकीचे १ ते ५ भाग, प्रत्येक भागाच्या तीन प्रती. एकूण ९० पुस्तकं. सरासरी एमआरपी ४०० रुपये, मला ३० टक्के मार्जिन, म्हणजे खिशातून गेले २५,२००. माल परत घेणार नाही, हे सप्लायरने आधीच सांगितलं होतं. एका मालिकेचा तिसरा भाग आलाच नाही, त्याच्या जागी दुसऱ्याच मालिकेच्या तीन प्रती आल्या. मी म्हटलं, ठीक आहे, संख्या तर बरोबर आहे!

मुलं आली. रोज आली. उभं राहून वाचायची, फोटो काढायची आणि जायची. महिनाभराने मी वैतागून पाटी लावली, 'येथे फुकट वाचू नये'. तेवढ्याने भागेना म्हणून प्रत्येक पुस्तकाला प्लास्टिक गुंडाळलं. विक्री वाढायची सोडून आणखी कमी झाली.

त्यातलाच एक मुलगा एक दिवस प्लास्टिकवरूनच पुस्तकाचा कणा बघत उभा होता. मी जरा तिरकसच विचारलं, "काय रे, आज वाचता येत नाही ना?"

तो म्हणाला, "दादा, वाचायचं नाहीये. हे सगळं मी मोबाइलवर वाचलंय."

"मग इथे काय करतोस?"

"घ्यायचंय. पण तुमच्याकडे तिसरा भाग नाहीये."

मला काही कळेना. वाचून झालंय, तरी चारशे रुपये द्यायला तयार. आणि समोर पहिला, दुसरा, चौथा, पाचवा आहे, तरी एकही घेत नाही. मी म्हटलं, "अरे, वाचलंयस ना? मग तिसरा नसला तर काय बिघडलं?" त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं आपण गणपतीच्या सजावटीत मध्येच एक दिवा बंद असेल तर बघतो. म्हणाला, "वाचायला नाही दादा, ठेवायला."

त्या रात्री मी वही काढली. विकलं काय गेलं? तीन महिन्यांत ३४ पुस्तकं. त्यात सहाही मालिकांचे पहिले भाग संपलेले, अठराच्या अठरा. पाचव्या भागांपैकी फक्त एक गेलेला. आणि माझं लक्ष नव्हतं ती गोष्ट अशी, की पहिला भाग संपल्यावर मी तो परत मागवलाच नाही. 'आधी आहे तो माल खपू दे' हा आपला नेहमीचा दुकानदारी नियम. पण पहिला भाग नसेल तर नवीन माणूस सुरुवात कुठून करणार? पहिला संपला त्या दिवशीच मागचे ५६ मेले होते. ३४ गुणिले ४०० म्हणजे १३,६०० आले होते, ११,६०० कपाटात अडकले होते.

मग मी एक काम केलं, जे माल भरायच्या आधी करायला हवं होतं. ज्या देशात हा माल जन्मला, तिथे लोक तो कसा घेतात, हे वाचून काढलं.

वाचायचं वेगळं, ठेवायचं वेगळं

जपानमध्ये मांगा आधी मासिकात किंवा साप्ताहिकात येतं. सगळ्यात प्रसिद्ध साप्ताहिक म्हणजे शुएइशा कंपनीचं 'शोनेन जंप', १९६८ मध्ये सुरू झालेलं. १९९५ च्या सुरुवातीच्या त्याच्या एका अंकाच्या ६५ लाख ३० हजार प्रती छापल्या गेल्या, तो त्याचा विक्रम. हलका रिसायकल केलेला कागद, साडेचारशे-पाचशे पानं, वीसेक मालिकांचं एकेक प्रकरण. किंमत आज ३०० येनच्या आसपास. लोक ट्रेनमध्ये वाचायचे आणि रद्दीत टाकून द्यायचे.

मग त्याच मालिकेची आठ-दहा प्रकरणं एकत्र करून एक छोटं, नीट छापलेलं पुस्तक निघतं. त्याला 'तांकोबोन' म्हणतात. साधारण दोनशे पानं आणि किंमत पाचशे येनच्या आसपास. आता व्यापाऱ्याच्या डोक्याने हिशेब करा. साप्ताहिकात ३०० येनला पाचशे पानं मिळतात. पुस्तकात दोनशेच पानं, तीही आधी वाचलेली, आणि पैसे जास्त. तरी लोक घेतात! वर्षानुवर्षं घेत आलेत. पहिली खरेदी 'पुढे काय झालं' कळण्यासाठी असते. दुसरी खरेदी 'हे माझं आहे' म्हणण्यासाठी. एकाच गोष्टीचे दोन माल, आणि पहिला स्वस्तात वाटल्याशिवाय दुसऱ्याचं गिऱ्हाईक तयार होत नाही.

त्याचं मोठं उदाहरण 'डीमन स्लेअर'. ही मालिका २०१६ मध्ये जंपमध्ये सुरू झाली. एप्रिल २०१९ मध्ये तिचा ॲनिमे टीव्हीवर आला, तोपर्यंत पुस्तकांच्या साधारण ३५ लाख प्रती बाजारात होत्या. ऑक्टोबर २०२० मध्ये २२वा भाग आला तेव्हा तो आकडा १० कोटींवर गेला होता. म्हणजे ज्यांनी गोष्ट टीव्हीवर बघितली होती, ते नंतर दुकानात गेले. आपलं गणित काय असतं? 'बघून झालं, आता कशाला घेईल?' गणित उलटं निघालं.

आणि तो 'तिसरा भाग नाही' चा प्रश्न. 'ड्रॅगन बॉल'चे मूळ ४२ भाग शेल्फवर ओळीने लावले की त्यांच्या कण्यांवर मिळून एक लांबलचक चित्र तयार होतं. एक भाग नसेल तर चित्राला भोक पडतं. प्रकाशकाला हे केव्हाच कळलं होतं, की गिऱ्हाईक पुस्तक घेत नाही, ओळ घेतं. मला ते २५ हजार घालवल्यावर कळलं.

उभं राहून वाचणारे

फुकट वाचणारे तिथेही आहेत बरं का! दुकानात उभ्या उभ्या वाचण्याला जपानीत 'ताचियोमी' असा खास शब्दच आहे. दुकानदार तिथेही वैतागतात, आणि मांगाच्या पुस्तकांना प्लास्टिक गुंडाळतात. माझ्यासारखंच. फरक एवढाच, की मी प्लास्टिक गुंडाळून थांबलो. ते थांबत नाहीत. मालाला प्लास्टिक घातलं तरी शेजारी पहिल्या प्रकरणाची पातळ वाचायची पुस्तिका टांगून ठेवतात. चव बघायला खुली, माल बंद. आपला आंबेवाला काय करतो? पेटी बंद ठेवतो, पण एक आंबा कापून समोर धरतोच ना?

दुसरी गोष्ट मला जास्त आवडली. जपानमध्ये पुस्तकांची किंमत प्रकाशक ठरवतो आणि दुकानदाराला ती कमी करता येत नाही. १९५३ पासून कायद्याने तशी सवलत आहे. म्हणजे नवीन पुस्तकावर डिस्काउंटचं भांडणच नाही. मग दोन दुकानांतला फरक काय उरतो? 'अ‍ॅनिमेट' सारखी दुकानं (त्यांचं पहिलं दुकान १९८३ मध्ये टोकियोच्या इकेबुकुरोमध्ये उघडलं) पुस्तकाबरोबर त्या मालिकेचं एखादं खास चित्र किंवा कार्ड देतात, जे फक्त त्याच दुकानात मिळतं. वेगवेगळ्या दुकानांची कार्डं वेगवेगळी. काही पक्के चाहते दोन कार्डांसाठी एकच पुस्तक दोन दुकानांतून घेतात. आपण पाच टक्के सूट देऊन मार्जिन जाळतो, ते पाच येनचा कागद देऊन अख्खं पुस्तक विकतात.

चाहत्यांमध्ये एक बोलणं प्रसिद्ध आहे, की एका पुस्तकाच्या तीन प्रती घ्याव्यात. एक वाचायला, एक जपून ठेवायला, आणि एक 'प्रचाराला', म्हणजे मित्राला देऊन त्याला नादी लावायला. अर्धी गंमत आहे, अर्धं खरं. तिसरी प्रत नीट बघा. गिऱ्हाईक स्वतःचे पैसे घालून तुमचं मार्केटिंग करतंय. 'ओतोना-गाइ' असाही एक शब्द आहे, शब्दशः 'मोठ्या माणसाची खरेदी'. लहानपणी एकेक भागासाठी खाऊचे पैसे साठवणारा मुलगा नोकरीला लागतो, आणि एक दिवस अख्खा संच एकदम घरी आणतो. म्हणजे आज जो मुलगा तुमच्या दुकानात नुसता उभा राहतोय, तो दहा वर्षांनी येऊ शकतो. तुम्ही त्याला पाटी दाखवून हाकललं नसेल तर.

मग न घेणारे का घेत नाहीत?

हा भाग जास्त महत्त्वाचा आहे, कारण 'महाग आहे' हे उत्तर आपण फार पटकन स्वीकारतो.

पहिलं कारण जागा. टोकियोतली एका माणसाची खोली आणि आपला डोंबिवलीचा वन-बीएचके, दुःख सारखंच. 'वन पीस' १९९७ पासून चालू आहे आणि शंभर भागांच्या पुढे गेलंय. ठेवणार कुठे? म्हणून तिथे जुनी पुस्तकं विकण्या-घेण्याचा मोठा धंदा आहे. 'बुक-ऑफ' ही साखळी १९९० मध्ये सुरू झाली ती यावरच. आणि म्हणूनच डिजिटल एवढं वाढलं. २०२३ मध्ये जपानमधली मांगाची विक्री सुमारे ६९४ अब्ज येन होती, आणि त्यातला साधारण ७० टक्के वाटा डिजिटलचा. लोकांनी पैसे देणं बंद केलं नाही, कपाट देणं बंद केलं.

दुसरं कारण लांबी. माझ्या दुकानातल्या भावाने 'नारुतो'चे ७२ भाग घ्यायचे म्हटले तर २८,८०० रुपये. 'डेथ नोट'चे १२ भाग ४,८०० मध्ये संपतात. मुलगा पहिला भाग हातात घेतो तेव्हा त्याच्या डोक्यात ४०० नसतात, २८,८०० असतात. आपण म्हणतो, 'अरे चारशेच तर आहे!' तो ज्या किमतीला घाबरतोय ती किंमत आपल्याला दिसतच नाही.

तिसरं कारण वाट बघणं. मालिका पूर्ण होऊ दे, मग घेऊ. मध्येच बंद पडली तर? भीती खोटी नाही. जंपमध्ये वाचकांकडून आवडत्या मालिकांची पसंती मागवतात, आणि जी मालिका मागे पडते ती काही महिन्यांत गुंडाळली जाते. पण गंमत बघा, सगळेच थांबले तर पहिल्या भागाचा खप पडतो, आणि खप पडला म्हणून मालिका खरंच बंद होते. नवीन क्लासला 'आधी पहिली बॅच होऊ दे, मग बघू' म्हणणारे तुम्हाला भेटले असतीलच.

चौथं कारण लाज. हे कुणी तोंडाने सांगत नाही. जपानी पुस्तकांच्या दुकानात काउंटरवर विचारतात, 'कव्हर घालून देऊ का?' आणि साधा कागद फुकट गुंडाळून देतात. ट्रेनमध्ये शेजारच्याला कळू नये आपण काय वाचतोय. आपल्याकडे लाज वेगळी आहे. 'एवढा घोडा झाला, आणि कार्टूनची पुस्तकं?' माझ्याकडे एक ताई मुलाबरोबर आल्या होत्या. पान उलटून म्हणाल्या, "अहो दादा, चारशे रुपये चित्रांच्या पुस्तकाला? हा तासाभरात वाचून टाकेल." बरोबर आहे त्यांचं! तासाभराच्या करमणुकीला चारशे जास्तच आहेत. ज्याला ते दहा वेळा उघडायचंय, त्यालाच परवडतं. (आणखी एक काका पुस्तक परत घेऊन आले, 'बाइंडिंग उलटं झालंय'. मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात, हे मी विकताना सांगितलंच नव्हतं. चूक माझी. पैसे परत दिले.)

आता चोरीच्या साइट्सबद्दल. त्या आहेत, आणि नुकसान करतात. जपानमध्ये 'मांगामुरा' नावाची मोठी साइट २०१८ मध्ये बंद झाली आणि ती चालवणाऱ्याला २०२१ मध्ये तुरुंगवासाची शिक्षा झाली. पण प्रकाशकांनी नुसते कोर्टाचे रस्ते धरले नाहीत. शुएइशाने जानेवारी २०१९ मध्ये 'मांगा प्लस' सुरू केलं. चालू मालिकांची पहिली तीन आणि शेवटची तीन प्रकरणं फुकट, कायदेशीर, आपल्या भारतातही. जपानमध्ये 'पिक्कोमा' नावाचं ॲप २०१६ पासून आणखी चलाख खेळ खेळतंय. एक प्रकरण वाचलं की साधारण एक दिवस थांबा, पुढचं फुकट. थांबवत नसेल तर पैसे द्या. गोष्ट तीच आहे, ते विकतायत गिऱ्हाइकाची घाई.

मी काय बदललं

पाटी काढली. आधी तेच. प्रत्येक मालिकेचा पहिला भाग परत मागवला, आणि त्यातली एक प्रत उघडी ठेवली, वर स्टिकर 'ही वाचायची आहे'. एका प्रतीला मला २८० पडले, सहा मालिकांचे १,६८०. हा खर्च मी जाहिरातीत धरला. त्या प्रती पार चिंध्या झाल्या, पण नवीन मुलं तिथूनच सुरू झाली.

राहिलेला तिसरा भाग दुसऱ्या सप्लायरकडून मिळवला, आणि त्या मुलाला फोन केला. तो आला, पाचही भाग घेऊन गेला. दोन हजार रुपये एकदम. त्याने क्लासला जाण्याआधी सकाळी कुठे तरी पार्सल पोचवायचं काम करून साठवले होते, हे मला नंतर कळलं. मी त्याला तीन महिने चोर समजत होतो.

काउंटरवर एक वही ठेवली. कुणाकडे कुठल्या मालिकेचे कितवे भाग आहेत, पुढचा कुठला हवा. पुढचे भाग आता आंधळेपणाने भरत नाही. निम्मा ॲडव्हान्स, मग ऑर्डर. नवीन मालिका घेताना आधी बघतो, पूर्ण झालीय का आणि किती भागांची आहे. वीसच्या आत असेल तरच. डिस्काउंट देत नाही, पारदर्शक कव्हर घालून देतो. त्याला मला काही रुपये लागतात, आणि मुलं त्यासाठी स्टेशनपलीकडून येतात. रस्त्यावर डुप्लिकेट छपाई स्वस्तात मिळते, पण ठेवायला घेणारा मुलगा कागद आणि छपाई बोटाने तपासून घेतो, त्याला फसवता येत नाही.

एक गोष्ट मला अजिबात अपेक्षित नव्हती. मांगा वाचणाऱ्यांतले बरेच जण चित्रं काढतात. काळे बारीक टोकाचे पेन, जाड कागदाच्या स्केचबुक, व्हाइट जेल पेन. मी हे सगळं त्याच खणाच्या खाली आणून ठेवलं. वर्षभरात मांगाच्या पुस्तकांतून सगळा खर्च जाऊन साधारण अकरा हजार सुटले. खालच्या खणाने त्याहून जास्त दिले, आणि तिथे उधारी नाही, परतीचं टेन्शन नाही, भाग क्रमांकाची भानगड नाही.

तुमचा धंदा मसाल्यांचा असेल, कुर्त्यांचा असेल, केकचा असेल. दुकानात येऊन न घेता गेलेल्या दहा जणांना या आठवड्यात विचाराल? 'का नाही घेतलं' असं नाही, त्याला सगळे 'महाग' म्हणतात. 'घेतलं असतं तर कशासाठी' असं विचारा, आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत वहीत लिहा. मी त्या मुलाला तीन महिने आधी विचारलं असतं, तर निदान प्लास्टिकचा रोल वाचला असता.

त्या पहिल्या लॉटमधल्या एका मालिकेच्या पाचव्या भागाच्या दोन प्रती अजून वरच्या खणात आहेत. कुणाकडे १ ते ४ असतील तर सांगा. एमआरपीला. कव्हर फुकट.